सगळं रिमोट होतंय, मग नॉर्वेला यावं का?

तू विचारलंयस की बॉम्बे हायवर 6 वर्षं एमडब्ल्यूडी (तेलविहीर खोदत असतानाच खालच्या टूलने मापं घेण्याचं काम) करतोयस, आता सगळं रिमोट होतंय म्हणतात, तर नॉर्वेच्या तेलाच्या शहरात, स्टावांगरला यायचं की तिथे पोचेपर्यंत नोकरीच उरणार नाही. मी पण जुहूहून चॉपर पकडून 14-14 दिवस काढलेत, आता 8 वर्षं इथे आहे, त्यातली 5 रिमोट सेंटरला, म्हणजे जमिनीवरच्या ऑफिसात बसून समुद्रातल्या विहिरी बघायच्या.

रिगवरची माणसं कमी झालीत, उगाच गोड बोलत नाही. पूर्वी आमची चौघं जायची, दिवसपाळी रात्रपाळी धरून, आता बऱ्याच कामांना दोघंच आणि बाकीचं इथून. मी 12 तासांच्या शिफ्टला दोन-तीन विहिरी बघतो. पण इथे नवखा चालत नाही हे कोणी सांगत नाही. मागे एका विहिरीवर टूलचा सिग्नल (तो पाइपातल्या चिखलातून दाबाच्या ठोक्यांनी वर येतो) फुटायला लागला, डिकोड धड होईना, रिगवरचा पोरगा म्हणाला टूल गेलं. आता टूल काढायचं म्हणजे पाइपांची अख्खी स्ट्रिंग वर ओढायची, दिवस गेला. मी सिग्नलचा आलेख बघितला तर गोंगाट बरोब्बर चिखल ढकलणाऱ्या पंपाच्या स्ट्रोकच्या पटीत. म्हटलं, टूल राहू दे, दुसऱ्या पंपावर घ्या, हा बंद करा आणि डॅम्पनरमधलं (पंपाचे धक्के शोषणारं भांडं) नायट्रोजनचं प्रेशर बघायला लाव. कमीच निघालं. भरलं, सिग्नल साफ. हे मला कुठल्या कोर्सने नाही शिकवलं, बॉम्बे हायवर एका टूलपुशरने, म्हणजे रिगवरच्या खोदकामाच्या मुकादमाने, शिव्या घालत पंपाशी उभं करून शिकवलेलं.

म्हणजे तुझी 6 वर्षं हेच तुझं भांडवल. जमलं तर येण्याआधी डायरेक्शनलचंही, म्हणजे विहीर हवी तिकडे वळवत खोदायचं, काम शिकून घे, इथे एकाच माणसाकडून दोन्ही करून घेतात.

इवार आसेन प्लॅटफॉर्म 2019 पासून जमिनीवरून, ट्रॉन्डहाइमहून चालवतात, मार्टिन लिंगे प्लॅटफॉर्म स्टावांगरहून, हे वाचून लोक हुरळतात, पण ते कंट्रोल रूमचं काम वेगळं, तिथे नॉर्वेजियन पाहिजे आणि शक्यतो इथलं फागब्रेव्ह, म्हणजे आपल्या आयटीआयसारखं ट्रेड सर्टिफिकेट. त्याच्या नादी लागू नकोस. आमच्याकडे इंग्लिशवर भागतं.

पैशाचं नीट ऐक. 2 आठवडे काम 4 आठवडे सुट्टी हे जे ऐकतोस ते समुद्रावरच्यांचं. सेंटरला ते नाही आणि ऑफशोअर भत्ता पण नाही, पहिल्या वर्षी माझा पगार बघून बायकोने विचारलं होतं की हे प्रमोशन आहे ना नक्की? पण रोज घरी जेवतो, पोरीला शाळेत सोडतो (नाइट शिफ्टनंतर डोळे मिटत असतात ते सोड).

व्हिसाला आधी ऑफर लागते, नुसतं येऊन शोधू असं करू नकोस. स्किल्ड वर्कर परमिटवर नोकरी गेली तर नवी शोधायला 6 महिने मिळतात आणि 2015-16 ला तेलाचे भाव पडले तेव्हा इथे भराभर माणसं काढली, तेव्हा घर घ्यायची घाई नको.

सीव्हीत रिगच्या नावांची यादी नको, काय बिघडलं, तू काय ओळखलंस, किती वेळ वाचला तेवढं लिही. आणि छत्री आणू नकोस, इथल्या वाऱ्यात दोन दिवस टिकत नाही.