पन्हाळा, राजवाडे आणि बागा एका दिवसात बघून होतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकहून आई-वडिलांना घेऊन येताय, अंबाबाईचं दर्शन आदल्या दिवशी उरकेल, मग एक दिवस मोकळा आहे. पन्हाळ्यावर किल्ला, राजवाडे, बागा सगळं एकाच डोंगरावर आहे असं कुठंतरी वाचलंय, तर ते दिवसभरात होईल का आणि वडिलांच्या गुडघ्यांना झेपेल का?

होईल आणि झेपेलही. फक्त राजवाडे डोंगरावर शोधत बसू नका. पन्हाळा बघायला आलेल्या बऱ्याच लोकांची निराशा इथंच होते. त्याचं कारण इतिहासात आहे. छत्रपती ताराबाईंनी 1710 च्या सुमारास पन्हाळा राजधानी केला आणि पुढची सत्तरएक वर्षं करवीरचा, म्हणजे कोल्हापूर राज्याचा, कारभार गडावरून चालला. 1782 मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात आली. राजधानी उतरली तसे राजवाडेही उतरले. वर ताराराणींचा वाडा आहे, पण त्यात पुढं शाळा आणि कचेऱ्या आल्या. झुंबरं, दरबार, सिंहासन बघायचं असेल तर ते शहरात. म्हणून दिवसाचे दोन भाग करा: सकाळ गडावर, दुपारनंतर शहरात.

सकाळी लवकर निघा, आणि रविवार असेल तर फारच लवकर. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की केर्ली, मग वाघबीळ. तिथून रत्नागिरीचा रस्ता सोडून घाटाला लागायचं. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. एसटीही जाते, पण वडिलांचा विचार करता गाडी बरी, कारण गड पसरट आहे आणि तटबंदीच सात किलोमीटरच्या वर भरते. गाडी थेट आत जाते, ती का जाते हेही आई-वडिलांना सांगा. रस्ता आत शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. 1844 मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं, कर्नल ओव्हान्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून गडावर कोंडलं. इंग्रजांनी डिसेंबरच्या सुरुवातीला तोफांनी तट फोडून गड घेतला आणि नंतर तो दरवाजा पाडून टाकला. आज बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

वर गेल्यावर गाईड म्हणून येणारी मंडळी तुम्हाला ‘पॉइंट’ मोजून दाखवतील. पॉइंटची यादी संपवायच्या नादाला लागू नका. माझ्या मते पन्हाळ्यावर दोनच ठिकाणी तब्येतीत थांबावं: अंबरखाना, आणि तीन दरवाजासकट अंधारबाव. बाकी सगळं जाता-येता.

अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं, त्यातलं गंगा सगळ्यात मोठं. त्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग छताला पडलेल्या भोकांतून उजेडाचे खांब खाली येताना दिसतात. धान्य ओतायची ती भोकं. बाहेरून दोन्ही बाजूंनी जिने आहेत. त्यावरून पोती वर चढवायची आणि वरून रिचवायची. एवढा साधा कारभार, पण आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने 1660 मध्ये उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गडाला वेढा घातला तेव्हा महाराजांना आत टिकून राहता आलं ते या भिंतींच्या जोरावर. इतिहासात आपण पावनखिंड लक्षात ठेवतो, शिवा काशीद आणि बाजीप्रभू लक्षात ठेवतो, ते बरोबरच आहे. पण जुलैच्या त्या रात्रीपर्यंत गड लढवला तो तांदूळ-नाचणीने. जमीन सपाट आहे, वडील आरामात फिरतील. जिन्यावर चढायचा हट्ट त्यांना करू देऊ नका, कठडा नाही.

तीन दरवाजा पश्चिमेला आहे, गाडी बरीच जवळ जाते. एकामागे एक तीन दरवाजे आणि मध्ये चौक. शत्रू पहिल्या दरवाजातून आत आला तरी चौकात सापडून वरून मार खाणार. कोरीव काम आदिलशाही वळणाचं, वर फारसी शिलालेख. मुळात गड शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. मग यादव, बहमनी, आदिलशहा, मग मराठे. अफजलखान प्रकरणानंतर पंधरा-वीस दिवसांतच, नोव्हेंबर 1659 अखेर, महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढं तो हातचा गेला आणि 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठेक मावळ्यांनिशी रात्री चढून परत मिळवला. एवढं माहीत असलं तरी गाईडचे निम्मे पैसे वाचतात.

शेजारीच अंधारबाव. वरून बघितलं तर एक बैठी काळी इमारत, पण खाली तीन मजले: तळाला विहीर, मधल्या मजल्यावर पहारेकऱ्यांना बसायच्या जागा आणि तटाबाहेर निघायची वाट. वेढा घालणारा आधी पाण्यात विष कालवणार हे ओळखून पाण्यालाच किल्ला बांधला आहे. जिना अरुंद, अंधारा आणि ओलसर आहे. तुम्ही खाली जाऊन या, आई-वडिलांना वरच्या मजल्यावरूनही कल्पना येते.

सज्जा कोठी बघा, वाटेवरच आहे. कड्याच्या टोकावर हवा खायला बांधलेली इमारत. मोगल सरदार दिलेरखानाकडून परत आल्यावर शंभूराजांना पन्हाळ्यावर ठेवलं होतं. त्यांचा मुक्काम या कोठीत होता असं सांगतात. गर्दी मात्र सेल्फीवाल्यांची. वाघ दरवाजा आणि राजदिंडी वडिलांसाठी सोडून द्या, उतार वाईट आहे.

बागांचं म्हणाल तर नक्षीदार ताटवे आणि कारंजी मनात आणून येऊ नका. तबक उद्यान म्हणजे झाडीत उतरत जाणारी सावली. बाकड्यावर बसायचं आणि पक्षी ऐकायचे. सोमेश्वराचं तळं मला त्याहून आवडतं. महाराजांनी आणि मावळ्यांनी या सोमेश्वराला लाखभर चाफ्याची फुलं वाहिली अशी आख्यायिका आहे. खरंखोटं सोमेश्वराला माहीत. पण गडावर चाफा भरपूर आहे, त्यामुळं अगदीच ऐकीव वाटत नाही. आईंना कवितेची आवड असेल तर मोरोपंतांचं जन्मगाव हेच हेही सांगा (1729). त्यांच्या नावाचं ग्रंथालय गावात आहे.

जेवण वरच करा. बायका टोपलीत झुणका-भाकरी, खर्डा, कांदा आणि दही घेऊन बसलेल्या असतात. तांबडा-पांढरा खाली रात्री मिळेलच. खर्ड्याचा पहिला घास जपून. नाशिकच्या तिखटाशी आमच्याकडच्याची तुलना करू नका.

एकच्या आत उतरा. आता राजवाडे. न्यू पॅलेस आधी: काळ्या दगडाचा, मध्ये घड्याळाचा मनोरा, बांधकाम 1877 ते 1884. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा; बडोद्याचा लक्ष्मीविलासही मुळात त्यांचाच, पण दोन्ही पूर्ण व्हायच्या आधीच, 1881 मध्ये, ते वारले. खालच्या मजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे: शस्त्रं, पोशाख, शिकारीचे पेंढे भरलेले प्राणी आणि दरबार हॉल. त्या हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते चुकवू नका. पेंढ्यातले वाघ मला दरवेळी नकोसे होतात, पण लहान मुलं तिथंच रेंगाळतात.

तिथून टाऊन हॉल. तीही इमारत मँटचीच, भोवती बाग आणि मोठी झाडं. लोक हे संग्रहालय टाळतात आणि फार मोठी गोष्ट हुकवतात: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराची ही खूण. सोमवारी इथं कुलूप असतं, तेव्हा दिवस ठरवताना बघा. पाय अजून शाबूत असतील तर भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. अंबाबाईला लागूनच असल्यानं कदाचित आदल्या दिवशीच होऊन जाईल. शालिनी पॅलेस रंकाळ्याच्या काठावरून संध्याकाळी बाहेरून बघा, तेवढं पुरतं.

ऋतूचं एक. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत, आणि घाटाचा भरवसा नसतो. 2021 च्या जुलैत गडाचा मुख्य रस्ताच खचला होता. सप्टेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत या. मात्र युनेस्कोने 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात पन्हाळा आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच चाला.

आणि ज्योतिबा त्याच दिवशी उरकायचा असं कुणी सुचवेल, कारण वाट केर्लीवरूनच फुटते. नको. तिथं पायऱ्या उतरून जायचं असतं आणि परत चढायचं असतं. तेवढ्यात वडिलांचे गुडघे संपतील आणि टाऊन हॉल राहून जाईल. ज्योतिबाला वेगळी सकाळ द्या.