निळा प्रकाश विझला, म्हणजे पाराच सापडला का?

प्रश्न: आमची संत्र्याची बाग आहे. संत्र्याच्या रसापासून चमकणारे ‘कार्बन डॉट’ करतात आणि त्यांनी पाण्यातला पारा ओळखता येतो, असं वाचलं. विज्ञान प्रदर्शनासाठी ते घरच्या कुकरमध्ये करून आमच्या विहिरीचं पाणी तपासता येईल का?
– अकरावीची विद्यार्थिनी, वरुड (जि. अमरावती)

उत्तर: संत्र्याचं तू बरोबर वाचलंस, आणि ते काम आपल्याच देशात झालंय. २०१२ साली राउरकेलाच्या एनआयटीतल्या संशोधकांनी रसात इथेनॉल मिसळून तो टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या हवाबंद भांड्यात) १२० अंशांवर अडीच तास तापवला. रसातल्या साखरेतून आणि आम्लांतून पाणी निघून जातं आणि उरलेल्या कार्बनचे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण तयार होतात, तेच कार्बन डॉट.

कुकरही साधारण तेवढाच तापतो. तरीही कुकर लावायचा नाही! इथेनॉलची वाफ शिट्टीतून बाहेर पडून गॅसच्या ज्योतीला लागली, तर भडका उडेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखालीच कर.

गाळलेलं द्रावण साध्या उजेडात कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की तीच बाटली निळी उजळते. मी हे कितीदा तरी पाहिलंय, तरी अजून हरखून जायला होतं. पण तिथे थांबू नकोस. न तापवलेला, गाळलेला रसही त्याच टॉर्चखाली धरून बघ, कारण वनस्पतींतली कितीतरी द्रव्यं मुळातच चमकतात. बाटल्या कपड्यांच्या पावडरीने धुऊ नकोस. तिच्यातलं उजाळा देणारं रसायनही निळंच चमकतं.

आता पाऱ्याचं. कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट असतात. धातूचे आयन (विद्युतभारित अणू) त्यांना चिकटले की शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता दुसरीकडे जाते आणि चमक मंदावते. चीनमधल्या संशोधकांनी पपनसाच्या सालीच्या कणांनी पारा ओळखून दाखवला तो असाच. पण फेरिक लोह आणि तांबंही चमक विझवू शकतात. त्यातून फेरिक क्लोराइडचं द्रावण पिवळं असतं, म्हणजे टॉर्चचा प्रकाश कणांपर्यंत पोचण्याआधी ते स्वतःच थोडा गिळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पारा लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. इतक्या कमी पाऱ्याने होणारा फरक डोळ्यांना दिसणारच नाही, त्याला स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर, म्हणजे चमक मोजणारं यंत्रच लागतं.

म्हणून पाऱ्याचे क्षार आणूच नकोस, ते विषारी असतात. फेरिक क्लोराइडची पातळ होत जाणारी द्रावणं कर आणि प्रत्येकात कार्बन डॉटचे सारखेच थेंब टाक. शेजारी ऊर्ध्वपातित पाणी, मिठाचं पाणी आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ठेव. सगळ्यांचे फोटो एकाच अंतरावरून काढ. तक्त्यावर ‘पारा’ लिहू नकोस, ‘लोह’ लिही. परीक्षकांनी ‘लोहच कशावरून?’ असं विचारलं, तर शेजारच्या बाटल्यांकडे बोट दाखव.

विहिरीचं म्हणशील, तर बागेतल्या विहिरीत मला पाऱ्यापेक्षा खतातून उतरणाऱ्या नायट्रेटची काळजी जास्त वाटते. तान्ह्या बाळांना ते फार घातक. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना दे, आणि अहवालात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आहे का, ते आधी बघ.