कराटे, किकबॉक्सिंग की ज्युदो? एकतिसाव्या वर्षी सुरुवात करताना

तू लिहिलंयस की वय ३१, दिवसभर लॅपटॉपसमोर काम, शाळा सुटल्यापासून कुठलाच खेळ नाही, स्पर्धाबिर्धा करायची नाही, पण अंगात जरा ताकद यावी आणि रात्री उशिरा घरी येताना जी धाकधूक होते ती कमी व्हावी. आणि पर्याय तीन, सोसायटीच्या हॉलमधला कराटे क्लास, मेन रोडवरच्या जिममधलं किकबॉक्सिंग आणि चाळीस मिनिटांवरचा ज्युदोचा क्लास. तर यातली बिगिनरसाठी सगळ्यात चांगली स्टाईल कुठली. मी वयाने मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करतेय. मला यात एकोणीस वर्षं झाली, आधी कराटे, मग थोडे दिवस किकबॉक्सिंग, आणि गेली चौदा वर्षं ज्युदो. पाच-सहा वर्षं झाली, नवीन बॅच घ्यायला मी सरांना मदत करते, त्यामुळे नवी माणसं कशाने टिकतात आणि कशाने दोन महिन्यांत गळतात हे रोज डोळ्यांसमोर दिसतं.

स्टाईलचा विचार आत्ता बाजूला ठेव. कारण 'कराटे' हा एकच शब्द वापरून दोन क्लास अगदी वेगळ्या गोष्टी शिकवत असतात. शोतोकान आणि क्योकुशिन या दोन्ही कराटेच्याच शाखा, पण शोतोकान शिकवणाऱ्यांकडे बहुतेक ठिकाणी अंतर राखून, ताबा ठेवून मारायचं, पॉइंट झाला की थांबायचं. क्योकुशिनमध्ये ग्लोव्हजशिवाय अंगावर खरेखुरे ठोसे आणि लाथा, पण चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही. तायक्वांदोचंही तेच, ऑलिंपिकमध्ये दिसतं त्यात सगळा भर लाथांवर असतो आणि तोंडावर ठोसा चालत नाही, तर आयटीएफ नावाच्या दुसऱ्या तायक्वांदो संघटनेच्या लढतीत हाताने डोक्यावर मारलेलं चालतं. त्यामुळे बोर्डावरचं नाव वाचून आत काय चालतं ते अर्धंच कळतं. जाहिरातीत 'ऑलिंपिक स्पोर्ट' लिहिलंय म्हणून तर अजिबात जाऊ नकोस, कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये होतं आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं, त्याने तुझ्या सोसायटीतल्या क्लासचा दर्जा वाढलाही नाही आणि घसरलाही नाही.

खरा प्रश्न असा की समोरची व्यक्ती जोर लावत असताना सराव होतो का, आणि होत असेल तर नवीन माणसाला सांभाळून होतो का. हे दोन्ही एकत्र पाहिजे, एक असून भागत नाही, आणि हे मी दोन्ही बाजूंनी भोगलंय म्हणून इतकं ठासून सांगतेय.

माझा पहिला क्लास कराटेचा होता, नाव घेत नाही. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर परीक्षेची वेगळी फी, आणि परीक्षेला बसणार नाही म्हटलं की सर आईला फोन करायचे. दोन वर्षांत मी ब्राउन बेल्टपर्यंत गेले आणि त्या दोन वर्षांत एकदाही कोणी मला धड ठोसा मारला नव्हता की मी कोणाला, सगळं हवेत. काता, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींची मालिका, सुंदर यायची, अजूनही येते. मग एका मैत्रिणीबरोबर ज्युदो बघायला गेले, तिथे एका पंधरा वर्षांच्या मुलीने माझी कॉलर आणि बाही धरली, आणि ती नुसती धरून चालत होती तरी मला माझे पाय माझ्या मनासारखे ठेवता येईनात. घरी येऊन खूप रडले मी त्या दिवशी. दोन वर्षं, तेवढे पैसे, आणि मला कोणीतरी ताकदीनं धरल्यावर काय वाटतं हेच माहीत नव्हतं. चूक कराटेची नव्हती हे नंतर कळलं, पुढे मला असे कराटेवाले भेटले की त्यांच्या समोर उभं राहायला छाती लागते. चूक त्या वर्गाची होती.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. एका जिममध्ये किकबॉक्सिंग लावलं, तिथे दुसऱ्याच आठवड्यात मला माझ्यापेक्षा वीस किलोने जड मुलासोबत स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं केलं, कोच बाहेर फोनवर. त्याने पायावर लाथ मारली, मी वळताना गुडघा पिळवटला, लिगामेंट गेलं, आठ महिने घरी. त्या मुलाचा काही दोष नव्हता, त्याला 'हळू मार' असं कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तिन्ही ठिकाणी आधी नुसती जाऊन बस. आजकाल ट्रायल क्लास फुकट देतात, तो नंतर कर, त्याआधी एक पूर्ण तास कडेला बसून बघ. जिथे बसू देत नाहीत तिथे पुढे विचारच करू नकोस. आणि बघायचं ते सगळ्यात नवख्या माणसाकडे, ब्लॅक बेल्टवाल्यांकडे नाही, ते छान दिसतातच. नवखी मुलगी कोणाबरोबर जोडीला दिली, सर तिच्याकडे तासात किती वेळा वळले, तिने चुकीचं केलं तर ओरडले की हात धरून दाखवलं.

एक खूण सांगते, ज्युदोच्या क्लासमध्ये तर नक्की बघ. सीनियर जेव्हा नवीन माणसाला टाकते, समजा पायामागे पाय घालून सरळ पाठीवर, तेव्हा तिच्या डाव्या हातात समोरचीची उजवी बाही असते. चांगली सीनियर ती बाही शेवटपर्यंत सोडत नाही, उलट पडता पडता वर ओढते. त्या एका ओढीमुळे नवखीचा खांदा आणि डोकं जमिनीवर आपटत नाही, तिची पाठ टेकते आणि तिचा मोकळा डावा हात मॅटवर थाडकन पडतो, हनुवटी छातीला. ज्या क्लासमध्ये सगळे सीनियर असं बाही धरून टाकतात तिथल्या सरांनी माणसं घडवलीयेत समज. आणि जिथे टाकून मोकळे होतात, तिथून उठून ये. किकबॉक्सिंगमध्ये हेच बघायचं असेल तर जड माणूस हलक्याबरोबर स्पॅरिंग करताना स्वतःचा वेग आणि जोर कमी करतो का बघ, आणि जिथे जमिनीवरची पकड शिकवतात तिथे समोरच्याने हाताने टॅप केल्यावर, म्हणजे थोपटून 'सोड' अशी खूण केल्यावर, पकड त्याच क्षणी सुटते का, की अजून एक सेकंद आवळतात. त्या एका सेकंदात कोपर जातं.

जोर लावून सराव म्हणजे आडदांडपणा नाही. ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत एका देवळात जेमतेम १२ ततामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी नेमकं हेच केलं, जुजुत्सू या जुन्या जपानी झोंबाझोंबीच्या विद्येतले जे प्रकार पूर्ण ताकदीने केले तर समोरचा जायबंदी होईल ते ठरवून दिलेल्या कातांमध्ये ठेवले, आणि उरलेल्यांचा दोघांनी जीव तोडून सराव करायचा आणि तरी उद्या परत यायचं, अशी सोय केली. त्यालाच रँडोरी म्हणतात. आपल्या तालमींमध्येही हीच समज आहे, वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, आधी माती खणायला लावतात, जोर मारायला लावतात, अंग तयार झालं की मग लढत. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले ते असल्या मातीतूनच वर आलेले. (तुला कुस्ती सुचवत नाहीये, म्हणजे जवळपास मुलींना नीट शिकवणारी तालीम किंवा कुस्ती केंद्र असेल तर जरूर बघ, पण एकतिसाव्या वर्षी शून्यापासून आणि नोकरी सांभाळून जमेल अशी बॅच मिळणं अवघड जातं.)

रात्रीच्या धाकधुकीबद्दल. दोन तासांचं सेल्फ डिफेन्सचं वर्कशॉप करून हे जात नाही. तिथे मनगट सोडवायला शिकवतात, समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटका द्यायचा, आणि ते खरंच सुटतं, कारण चार बोटांच्या पकडीत अंगठ्याचीच बाजू कमजोर असते. पण तिथे मैत्रिणीने मनगट सैल धरलेलं असतं आणि ती एका जागी उभी असते. खरा माणूस धरतो, ओढतो, दुसरा हात आणतो. ती ओढ अंगाला माहीत पाहिजे आणि ती आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने अनुभवल्यानेच माहीत होते. आणि कितीही शिकलीस तरी पहिलं काम तिथून निघून जाणं, ओरडणं, ११२ ला फोन. चाकूवाल्याला हाताने अडवायला तीन महिन्यांत शिकवू असं जो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगतेय.

पैशाचं थोडक्यात. महिन्याची फी सगळेच सांगतात, बाकीचं विचारल्याशिवाय सांगत नाहीत, तर प्रवेश फी, ड्रेस कुठूनही घेतला तर चालेल का त्यांच्याकडूनच घ्यायचा, बेल्टची परीक्षा किती महिन्यांनी आणि तिची फी किती, हे आधीच विचारून घे. वर्षाची फी एकदम भरू नकोस, कितीही सवलत दिली तरी. दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देत असतील तर बेल्ट विकत मिळतोय एवढंच समज, ब्राझिलियन जुजुत्सूत (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) तर व्हाइटपासून ब्लॅकला साधारण दहा वर्षं जातात आणि कोणाला त्याचं वाईट वाटत नाही.

आणि बाई म्हणून दोन गोष्टी. बॅचमध्ये अजून किती बायका आहेत आणि त्या किती दिवसांपासून आहेत ते त्यांनाच विचार, सरांना नाही. वर्षभर टिकलेल्या दोघी-तिघी असतील तर जागा बरी आहे. पुरुषांबरोबर सराव करावाच लागतो आणि तो व्हायलाच पाहिजे, पण एखाद्याबरोबर नको वाटलं तर 'मी याच्याबरोबर नाही करणार' एवढंच म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही, आणि ते म्हटल्यावर सरांचा चेहरा कसा होतो त्यावरून तो क्लास कळतो. कपडे बदलायला नीट कडी असलेली खोली आहे का तेही बघून घे. मॅट रोज पुसतात का बघ, नाहीतर नायटा होतो आणि तो महिनाभर पाठ सोडत नाही.

आता तुझ्या तिन्ही पर्यायांबद्दल. मला विचारशील तर तुझ्यासाठी मला ज्युदो आवडेल, आणि ते माझं आहे म्हणून नाही. पहिले दोन महिने पडायलाच शिकवतात, उकेमी, मागे, बाजूला, पुढे, शेकडो वेळा. मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून माझा पाय सटकला, दोन्ही हातांत पिशव्या होत्या, मी काही विचार करायच्या आत पिशव्या सुटल्या होत्या, हनुवटी छातीला होती आणि हात बाजूला आपटला होता. कोपराला खरचटलं, बस. चौदा वर्षांत मला रस्त्यावर कोणाला टाकायची वेळ आली नाही, पडायची मात्र आली. पण पडणं अंगावर येतं हेही खरं, कंबर दुखत असेल किंवा गुडघ्याचं जुनं काही असेल तर आधी डॉक्टरला विचार आणि पहिल्याच दिवशी सरांना सांग.

फक्त ते चाळीस मिनिटं. एका बाजूने चाळीस म्हणजे जाऊन-येऊन सव्वा तासाच्या वर, त्यात ऑफिस, त्यात पाऊस. पहिला महिना जाशील, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा, आणि पाचव्यात नाही, मी असे खूप जण बघितलेत आणि त्यातले बरेच मनापासून शिकणारे होते. तर सोसायटीतल्या कराटे क्लासमध्ये मोठ्यांची वेगळी बॅच असेल, दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं करत नसतील, आणि पॅडवर व जोडीने कुमिते, म्हणजे समोरासमोर लढतीचा सराव, होत असेल, तर डोळे मिटून तिथे जा, एक वर्ष कर, मग ज्युदोचं बघू. जिममधलं किकबॉक्सिंग घाम काढायला मस्त आहे, पण तिथे नुसती बॅग मारून घेतात की कोच स्वतः पॅड धरून तुझे हात खाली आले की हळूच टपली मारतो, यावर सगळं अवलंबून आहे.

येत्या शनिवारी आधी ज्युदोला जाऊन बस, घड्याळ लावून जा, म्हणजे खरोखर किती वेळ लागतो ते कळेल. नखं कापून जा, कोणी 'ये मॅटवर' म्हणालं तर नाही म्हणू नकोस. आणि बाहीचं विसरू नकोस, कोणी सोडली आणि कोणी धरून ठेवली ते बघ आणि मला कळव.