कॉक्लियर इम्प्लांटचा क्लेम मिळेल का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मुलगी 22 महिन्यांची आहे, बेरा (ऐकण्याची तपासणी) रिपोर्टमध्ये दोन्ही कान गेलेत, डॉक्टरांनी कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सांगितलंय. आमची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसी आहे पण एजंट म्हणतो जन्मजात आहे, एक रुपया मिळणार नाही. (सांगली)

ताई, एजंटच्या तोंडी बोलण्यावर थांबू नका. आधी पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग काढा, पहिलं पान नाही तर वगळलेल्या गोष्टींचं पान. तिथे बहुतेक ‘एक्स्टर्नल कंजेनायटल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे जन्मजात दोष जो बाहेरून दिसतो, जसं वेडावाकडा कान. तुमच्या लेकीचा दोष कॉक्लियात (कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात) असेल तर तो हाडाच्या आत आहे, डोळ्यांना दिसत नाही, तो ‘इंटर्नल’मध्येच धरायला हवा, म्हणजे या वगळण्यात येऊ नये. हे ईएनटी सर्जनकडून लेखी घ्या, सोबत बेरा, एमआरआय, सीटी आणि हिअरिंग एडच्या ट्रायलचा ऑडिओलॉजिस्टचा रिपोर्ट जोडा, आणि ऑपरेशनच्या आधीच प्री-ऑथ (कंपनीकडे आगाऊ मंजुरीचा अर्ज) टाका. नाकारलं तर कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लेखीच मागा.

पण खरी काळजी वेगळीच आहे. कंपनीने आधीपासूनचा आजार म्हणून 36 महिन्यांपर्यंतचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) लावला तर तोवर मुलगी जवळपास पाच वर्षांची होईल, आणि भाषा शिकायची मेंदूची सगळ्यात चांगली वर्षं तर हीच असतात, ती परत येत नाहीत. म्हणून क्लेमचं भांडण एका बाजूला चालू दे आणि दुसऱ्या बाजूला आजच केंद्र सरकारच्या एडिप योजनेची (दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत) चौकशी करा, जन्मजात बहिऱ्या मुलांना त्यात कॉक्लियर 1 ते 5 वर्षं वयात मिळतं. घरचं महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर पूर्ण मदत, 30,000 पर्यंत निम्मी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम बघते. उत्पन्न जास्त असेल तरी जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमला भेटाच. आणि तोपर्यंत हिअरिंग एड दिवसभर घालून ठेवा, प्लीज.

क्लेम पास झाला पण बाहेरच्या प्रोसेसरचे (कानामागे लावायचा इम्प्लांटचा भाग) पैसे कापले, म्हणे ते ‘एक्स्टर्नल डिव्हाइस’ आहे. (नाशिक)

हे फार वेळा होतं आणि मला ते मुळीच पटत नाही. आत बसवलेला भाग एकटा काहीच ऐकवत नाही, बाहेरच्या प्रोसेसरकडून सिग्नल आला तरच तो चालतो, म्हणजे दोन्ही मिळून एकच यंत्र. सर्जनचं तसं पत्र आणि दोन्ही भाग एकाच किटचे आहेत हे दाखवणारं बिल जोडून कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला (तक्रार विभागाला) लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

मुलाला जन्मतः कानाची पाळीच नाही, भोकही बंद आहे, हाडातून ऐकायचं इम्प्लांट कव्हर होईल का? (पणजी)

खरं सांगते, वैयक्तिक पॉलिसीत कठीण आहे, कारण हा दोष बाहेरून दिसतो. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचारा, काही ठिकाणी ही अट काढलेली असते. मूल लहान असेल तर हाडातून ऐकायचं मशीन सॉफ्टबँडवर लावता येतं, त्याला ऑपरेशन लागत नाही.

आई 71 वर्षांची आहे, माझ्याकडे न्यू जर्सीत असते, मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. हिअरिंग एड देत नाही म्हणतात मग इम्प्लांट कसं देणार?

देतात. ओरिजिनल मेडिकेअर हिअरिंग एड देत नाही, पण कॉक्लियर इम्प्लांटला प्रोस्थेटिक (निकामी अवयवाची जागा घेणारं साधन) मानतं. पूर्वी चांगलं मशीन लावूनही वाक्यांच्या टेस्टमध्ये 40 टक्के किंवा कमी स्कोअर लागायचा, सप्टेंबर 2022 पासून 60 टक्के किंवा कमी असला तरी चालतो. त्यामुळे जुना नकार असेल तर टेस्ट परत करून घ्या. एक गोष्ट मात्र नक्की बघा, आईंचं इंग्रजी कच्चं असेल तर इंग्रजी वाक्यांचा स्कोअर ऐकण्यामुळे कमी आला की भाषेमुळे, हे ऑडिओलॉजिस्टला आधीच सांगा.