युटातला पहिला तंबू: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

एप्रिलअखेर आम्ही दोघं सहा दिवसांसाठी युटाला निघालोय. तंबूत राहायची पहिलीच वेळ. नवऱ्याला झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही पाचही नॅशनल पार्क उरकायची आहेत. मला नुसत्या यादीनेच धाप लागते. निवाडा तुम्ही करा. – सॅन होजे

निवाडा तुमच्या बाजूने. झायनहून आर्चेसजवळच्या मोआब गावाला जायलाच पाच तासांहून जास्त ड्रायव्हिंग आहे. शिवाय रोज तंबू मोडा, गाडीत कोंबा, अंधारात पुन्हा उभारा. नवख्या जोडप्यांची भांडणं चालण्यावरून होत नाहीत, ती या उभारणीच्या वेळी होतात. मोआबलाच मुक्काम ठोका. आर्चेस गावापासून पाच मैलांवर, कॅनियनलँड्सचा आयलंड इन द स्काय भाग पाऊण तासावर. ब्राइस पुढच्या वेळी, आणि शक्यतो उन्हाळ्यात: तिथला कडा 2400 मीटरच्या वर आहे. एप्रिलमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, आणि पहिल्याच रात्री कुडकुडलेलं माणूस दुसऱ्या रात्री मोटेल शोधतं.

आर्चेसमधल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग हुकलं. आता? – डॅलस

तिथे एकच कॅम्पग्राउंड आहे, डेव्हिल्स गार्डन. जागा 51, आणि मार्च ते ऑक्टोबरसाठी बुकिंग सहा महिने आधी उघडतं, त्यामुळे हुकणारच. हायवे 128 ने कोलोरॅडो नदीच्या कडेने जा. तिथे सरकारी जमिनीवर ओळीने कॅम्पग्राउंड आहेत, जो आधी येईल त्याची जागा. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर हात हलवत परताल. मंगळवार-बुधवारी सकाळी पोचा. पिण्याचं पाणी तिथे मिळत नाही, गावातून कॅन भरून न्या.

तंबूबरोबर आलेल्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत, आणि वसंतात वारा सुटतो. एक कापडी पिशवी वाळूने भरा, तिला तंबूची दोरी बांधा, हातभर खड्डा करून पिशवी आडवी पुरा आणि वर पायाने दाबा. फिरायला जाताना तंबूत जड सामान ठेवा. रिकामा तंबू नदीत गेलेला मी पाहिला आहे.

आम्ही राजगड-तोरणा एका दमात केलाय. आर्चेसमधली डेलिकेट आर्च ही दगडी कमान जाऊन-येऊन तीनच मैल. दुपारी सहज होईल ना? – पुणे, सध्या फिनिक्स

पायांची काळजी नाही, सवयींची आहे. सह्याद्रीत गडावर टाकं असतं, वाटेत ताक-सरबतवाली मावशी असते. इथे वाटेवर पाणीही नाही आणि सावलीही जवळपास नाही. अंतर पाच किलोमीटरच्या आत, चढ जेमतेम 146 मीटर, पण बराचसा उघड्या कातळावरून, आणि तो कातळ खालूनही भाजतो. घाम निथळत नाही, जागच्या जागी वाळतो. त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरा. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतं. आपला चिवडा, खारे दाणे, ओआरएसची पाकिटं इथे उत्तम कामाला येतात. अर्धं पाणी संपायच्या आत मागे वळा, कमान दिसो वा न दिसो.

कोरडा वालुकाश्म बुटांना छान पकडतो, पावसाळी बेसाल्टपेक्षा कितीतरी बरा. म्हणूनच माणूस भसाभस चढतो आणि उतरताना अडकतो. जिथून उतरता येईल तिथेच चढा. डेलिकेट आर्चला पहाटे निघा. पहिल्या दिवशी मात्र मी ग्रँडस्टाफ कॅनियन सुचवेन: ओढा, झाडांची सावली, आणि शेवटी 243 फूट लांबीचा नैसर्गिक पूल. फक्त तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला, म्हणजे अंगाला खाज आणणाऱ्या झुडपाला, हात लावू नका.

वाटेकडेच्या काळ्या, खरबरीत मातीवर पाय ठेवू नका अशा पाट्या लावतात म्हणे. मातीचं एवढं काय? – नाशिक

ती माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांचं ते कवच. त्याचे चिकट तंतू वाळू धरून ठेवतात आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. एका पावलाने मोडलेलं कवच सावरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. आखलेली वाट सोडावीच लागली तर कातळावरून चाला, नाहीतर कोरड्या ओहोळातून. मात्र आभाळ भरलेलं असेल तर ओहोळात उतरू नका. पाऊस मैलोगणती लांब पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

सुट्टी जुलैतच मिळते. चालेल? – ह्यूस्टन

तंबूसाठी नाही. 38 अंशांच्या वरची दुपार, त्यात जुलै ते सप्टेंबर वळवासारख्या सरी आणि अचानक येणारे पूर. ऑक्टोबरची वाट बघा.

संकोच सोडून विचारते: आडरानात शौचाचं काय? – न्यू जर्सी

बरं झालं विचारलंत, हे कोणी विचारत नाही. कॅम्पग्राउंडवर बिनपाण्याचे संडास असतात, तेच वापरा. वाळवंटात ओल नसल्याने पुरलेलं लवकर कुजत नाही. म्हणून दुकानातून जेल बनवणारी पूड असलेल्या खास पिशव्या घ्या; वापरलेली पिशवी, कागदासकट, घट्ट बांधून सोबत परत आणायची. मोआबजवळ कॅम्पग्राउंडबाहेर तंबू टाकणाऱ्यांना तर असा फिरता संडास सक्तीचा आहे. ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाका, संडासाच्या खड्ड्यात नको. खड्डा उपसणाऱ्या टँकरचा पाइप त्याने तुंबतो.