तेलावर शुल्क वाढले, तरी सोयाबीनला भाव का नाही?

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले, तेव्हा सोयाबीनचा भाव चढेल अशी आम्हाला आशा होती. प्रत्यक्षात त्या हंगामात बाजार समितीत ४,८९२ रुपयांचा हमीभावही हाती आला नाही. असे का व्हावे? (एक शेतकरी वाचक, जि. लातूर)

उत्तर : कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क तेव्हा ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेले आणि किराणा दुकानात तेल महागलेही. परंतु एक क्विंटल सोयाबीन गाळले, तर तेल साधारण अठराच किलो निघते आणि उरलेला बहुतेक माल म्हणजे पेंड, जिला प्लांटवाले डीओसी म्हणतात. त्यामुळे प्लांट आपल्या मालाला काय दर देणार, हे पेंड कोणत्या भावाने खपते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि त्या वर्षी पेंडीलाच उठाव नव्हता. भारताच्या दहा पटींहून अधिक सोयाबीन पिकवणारा ब्राझील आणि पेंडीच्या निर्यातीत अग्रेसर असलेला अर्जेंटिना यांच्या स्वस्त मालापुढे आपली पेंड परदेशात महाग ठरली. देशातही मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यासाठी स्वस्तात मिळू लागला होता. तेलातून झालेला लाभ पेंडीच्या घसरणीत गेला, तो असा.

याची उलट बाजूही आपण पाहिली आहे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव दहा हजारांपर्यंत चढले, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी देण्यात आली, आणि नवा माल बाजारात येण्याच्या तोंडावर भाव कोसळले. असे बियाणे आपल्या शेतकऱ्याला पेरता येत नाही, त्याची पेंड मात्र तेव्हा आयात करू दिली गेली. हा अन्याय आहे, असे मला स्पष्टपणे वाटते.

जगाच्या बाजाराशी नाते तोडावे, असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या पेंडीलाही परदेशी गिऱ्हाईक लागते आणि जनुकीय बदल नसलेला माल म्हणून युरोपात तिला मागणी आहे. मात्र कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क मे २०२५ अखेर पुन्हा कमी करून १६.५ टक्क्यांवर आणले गेले. पेरणीच्या तोंडावर असे निर्णय बदलत राहिले, तर शेतकऱ्याने हिशेब कशाच्या आधारावर करायचा? आपण माल राखून ठेवण्याच्या विचारात असाल, तर तेलाच्या बातम्यांइतकेच पेंडीच्या निर्यातदरावरही लक्ष ठेवावे.