दोन लिंबू सोडे आणि बुलेटची किल्ली

"मावशी, मी दारू पीत नाही, मग दारूचे पैसे मी का भरायचे?" एवढंच विचारायला कोथरूडच्या एका मुलाने चार पानं लिहिली आहेत. तुमच्यासाठी थोडक्यात सांगते.

इंजिनिअरिंगपासूनचा सहा जणांचा ग्रुप, सगळे २८च्या आसपास. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कातला एक दणदणाटी बार. दारात बाउन्सर, हातावर शिक्का, आत डीजे, आणि एकावर एक फुकटची ऑफर संपायच्या आत ऑर्डर द्यायची घाई. आमचा पत्रलेखक दोन फ्रेश लाइम सोडे घेऊन कोपऱ्यात, बाकीच्यांचे मोबाइल-पाकिटं सांभाळत. दीडला बार बंद झाला आणि एक जण झोकांड्या खात बुलेटकडे निघाला. ह्याने किल्ली हिसकावली, त्याने बाउन्सरदेखत ह्याला ढकललं. शेवटी त्याच्यासकट तिघांना ह्यानेच आपल्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत एकजण मागच्या सीटवर ओकला. सकाळी फोनवर वाट्याची मागणी आली: ३,२०० रुपये, सोबत डोळा मारणारा स्मायली. ह्याने ग्रुपवर लिहिलं, "दारुड्यांनो, मी तुमचा ड्रायव्हर नाही." बुलेटवाल्याने उत्तर दिलं, "कंजूस." त्याला अकरा दिवस झाले, ग्रुप चिडीचूप आहे.

बाळा, बिलाचा फोटो जोडलास ते बरं केलंस, मी चष्मा लावून वाचला. एकूण १९,२००, भागिले सहा. पण वरचे आकडे बघितलेस का? खाण्याचे आणि सोड्याचे करासकट ६,००० एकीकडे, त्यात जीएसटी. दारूचे ११,६०० दुसरीकडे, त्यात व्हॅट, कारण दारू जीएसटीत येतच नाही. म्हणजे तुम्हाला सहा वर्षांत जो हिशेब जमला नाही, तो कर खात्याच्या कृपेने छापूनच आला होता. खाण्याचे सहा भाग, दारूचे पाच. तुझे होतात १,०००. उरलेले १,६०० म्हणजे सर्व्हिस चार्ज. तो सक्तीने लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. काढून द्या म्हणायचं होतं. पण पहाटे दीडला बिल वाचण्याच्या अवस्थेत तू एकटाच होतास, आणि तू रुसून बसला होतास.

ते रुसणं मला जास्त खटकलं. "मी शांतपणे बसलो होतो" हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय. आणि त्याच पत्रात कोणी कितवा पेग किती वाजता मागवला, हेही आहे! शांत बसलेला माणूस असं मोजत नाही रे. दर वेळी बिल आलं की "चालेल" म्हणायचं, पैसे टाकायचे आणि मनात वही भरत राहायचं. त्या वहीचं पान एका रविवारी सकाळी फाडून तू ग्रुपवर चिकटवलंस. त्यांना वाटलं, ३,२०० रुपयांसाठी हा एवढा पेटला. त्यांना बाकीची वही कुठे माहीत?

आमचे हेही पीत नसत. तेव्हा असले बार नव्हते, परमिट रूम होत्या, आणि मित्रांबरोबर हे सगळीकडे जात. पण बसतानाच सांगत, "दारू तुमची, चकणा माझा." आणि खरंच शेंगदाण्याच्या बशा एकामागून एक संपवत. मित्र बोंबलत, पण पैशावरून कधी वाजलं नाही. तुझ्याकडे हा विनोद नसेल तर साधं वाक्य चालेल: "माझं खाण्यात धरा." आत शिरताना म्हणायचं, निघताना नाही.

तर आज १,००० रुपये पाठव. गाडी धुण्याचा खर्च त्यातून वजा करू नकोस. जो ओकला त्याला फोन करून सीट साफ करायला बोलाव, येईल तो. सीटवर रात्रभर खायचा सोडा भुरभुरून ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा, वास जातो. सोडावाल्याला सोड्याचाच उपाय.

"दारुड्यांनो" बद्दल माफी माग, ग्रुपवरच, कारण म्हणालास ग्रुपवर. एका ओळीत. "पण तुम्हीसुद्धा" हे शब्द त्यात नकोत.

किल्लीबद्दल मात्र कोणाचीही, कसलीही माफी मागायची नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आणि तुझ्या मोजणीप्रमाणे त्याचे पाच झाले होते. पोलिसांनी नाक्यावर अडवलं असतं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोड. तिथून पूल ओलांडला की कल्याणीनगर. मे २०२४ मधली ती रात्र पुण्यात कोणी विसरलेलं नाही. भरधाव मोटारीने उडवलेल्या दुचाकीवर दोन तरुण इंजिनिअर होते, तुमच्यासारखेच. तुझ्या मित्राने तुला चारचौघांत ढकललं, ते लागलं असणार. लागू दे. तो दुसऱ्या दिवशी उठून तुला "कंजूस" लिहू शकला, हे त्या किल्लीमुळे.

तू विचारलंस, पुढच्या वेळी जाऊ का. डीजेपुढे नाचायला तुला आवडतं हे पत्रात एका कोपऱ्यात, लाजत लिहिलंयस. मग जा की! फक्त गाडी घरी ठेव. सहाजणांनी दोन कॅब करा, म्हणजे तू राखणदारही नाहीस आणि ड्रायव्हरही.

आता ता.क.बद्दल. चार पानांच्या शेवटी, बारीक अक्षरात: "त्याची किल्ली अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे." अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं! अकरा दिवसांत त्याने ती मागितली नाही, दुसरी किल्ली घेऊन बुलेट नेली असेल. तोंड कसं दाखवायचं हे त्यालाही कळत नसणार. रविवारी तो अकराच्या आत उठत नाही असं तूच लिहिलंयस, तेव्हा साडेअकराला जा. किल्ली त्याच्या आईच्या हातात देऊन पळून येऊ नकोस. तिने चहा टाकला तर थांब.

— मावशी